पाणी सोडल्याचा मेसेज आला, पुढे काय?

प्रश्न : पुण्यात सिंहगड रस्त्यावर तळमजल्यावर राहतो. ‘खडकवासल्यातून इतके क्युसेक सोडले’ असे मेसेज पावसाळाभर येतात. नेमकं कधी हलायचं?

खडकवासला धरण लहान आहे, जेमतेम दोन टीएमसीचं, म्हणजे दोन अब्ज घनफुटांचं. वरची पानशेत आणि वरसगाव त्याच्या कितीतरी पट मोठी. ती भरायची असली, तरी त्यांच्या खालच्या डोंगरांवर पडलेला पाऊस थेट खडकवासल्यात येतो आणि मग पाणी सोडावंच लागतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. 25 जुलै 2024 रोजी विसर्ग 35 हजार क्युसेकच्या वर गेला, म्हणजे सेकंदाला जवळपास 10 लाख लिटर, आणि एकतानगरी, निंबजनगरच्या घरांत पाणी शिरलं.

पण मेसेजमधला आकडा तुमच्या घराचा नसतो. सोसायटीतल्या जुन्या रहिवाशांना विचारा, किती विसर्गाला पाणी गेटपाशी आलं होतं, कितीला पार्किंगमध्ये. ते आकडे जिन्याजवळच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवा. गेटपाशी पाणी येतं त्याच्या निम्म्या विसर्गाला गाड्या वर न्यायच्या आणि आजीआजोबांना वरच्या मजल्यावर पोचवायचं, हे उन्हाळ्यातच ठरवा. कोणाच्या घरी जायचं, तेही त्यांना आधी विचारून घ्या. रात्री दोन वाजता दार वाजवताना संकोच वाटता कामा नये.

आणखी एक. आपल्याकडे प्रत्येक पुराची तुलना 1961 साली पानशेत धरण फुटून आलेल्या पुराशी होते आणि ‘तेवढं काही येत नाही’ म्हणून माणसं थांबतात. तळमजल्यावर चार फूट पाणी यायला धरण फुटावं लागत नाही.

प्रश्न : आम्ही अरण्येश्वरजवळ, नदीपासून बरेच लांब. आम्हालाही एवढी तयारी हवी का?

तुम्हाला जास्तच हवी. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री तुमच्याजवळून वाहणाऱ्या आंबिल ओढ्याला आलेला पूर आठवा. तो कात्रजच्या बाजूला कोसळलेल्या पावसाचा होता. ओढ्यासाठी विसर्गाचा मेसेज येत नाही. कात्रजकडे राहणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाला सांगून ठेवा की तिकडे मुसळधार सुरू झाली, तर फोन कर. ओढा चढायला लागला की गाडी काढायला खाली उतरू नका. वाहत्या पाण्यात गाडी तरंगू लागते आणि दारं उघडत नाहीत.

प्रश्न : घरात पाणी येऊ लागलं तर मेन स्विच बंद केला की पुरे ना?

इन्व्हर्टर असेल तर पुरे नाही. मेन बंद झाला की वीज गेली असं समजून तो आपोआप सुरू होतो आणि सॉकेटमध्ये वीज राहते. तोही बंद करा, शक्य असेल तर कायमचा उंचावर बसवून घ्या. आणि हे सगळं पाय कोरडे असतानाच. पाणी बोर्डापर्यंत आलं असेल तर हात लावू नका, 1912 वर महावितरणला कळवा. जुलै 2024 च्या त्याच पावसात डेक्कनजवळ नदीकाठी तिघे विजेच्या धक्क्याने गेले. ते आपली हातगाडी वाचवायला गेले होते.

प्रश्न : सिलेंडर सोडून पाइपचा गॅस घेतला. गळती झाली तर काही वेगळं करायचं का?

दोन्हींत पहिली गोष्ट तीच, दिव्याचं बटण लावायचं नाही आणि बंदही करायचं नाही. फरक असा की सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो ओट्याखाली साचतो. पाइपचा हलका, तो छताशी जमतो, म्हणून भिंतीवरचा झरोकाही उघडा. कॉक बंद करून सगळ्यांना बाहेर काढा आणि फोन बाहेर जाऊन करा. 1906 हा सिलेंडरच्या गॅसगळतीचा क्रमांक आहे, पाइपच्या गॅससाठी आपल्या गॅस कंपनीचा आपत्कालीन क्रमांक लिहून ठेवा. कॉक कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं, स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनासुद्धा.

प्रश्न : मी परदेशात, आई कोथरूडला एकटी. इन्सुलिन घेते. इथून काय करू शकतो?

त्याच इमारतीतला एक माणूस शोधा, नातेवाईक नसला तरी चालेल. घराची किल्ली त्याच्याकडे असू द्या. वीज गेली की पंप बंद आणि लिफ्टही बंद, म्हणजे खरी अडचण पाण्याची आणि जिन्याची. पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला चार लिटर धरून तीन दिवसांचं पाणी घरात भरलेलं हवं. वापरात असलेलं इन्सुलिन सावलीत, फार उकाडा नसेल तर, साधारण चार आठवडे टिकतं. न उघडलेलं ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात ठेवता येतं, बर्फाला मात्र चिकटू देऊ नका, गोठलं की वाया गेलं. औषधांची यादी आणि 112, 108 हे क्रमांक मोठ्या अक्षरांत फ्रिजवर लावा, कारण घाबरल्यावर मोबाइलमध्ये शोधाशोध होत नाही. पुढच्या रविवारच्या फोनवर तिच्याकडून ते एकदा वाचून घ्या.

प्रश्न : पाणी ओसरल्यावर नळाचं पाणी वापरावं का?

लगेच नको. पुराचं पाणी ड्रेनेजसकट जमिनीखालच्या टाकीत उतरलेलं असतं. टाकी उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरने धुऊन पुन्हा भरेपर्यंत टँकरचंच पाणी, तेही खळखळून उकळून. पावसाळ्यापूर्वी टाकीचं झाकण जमिनीपासून दोन-तीन फूट उंच बांधून घेतलंत, तर यातला बराच त्रास वाचेल.