आरडीवर कर्ज काढून ॲमिनो ॲसिडचे डबे घ्यावेत का?

प्रश्न: आम्ही विट्याचे. यजमान यंत्रमागावर कामाला आहेत. मुलगा २० वर्षांचा, वजन ६० किलो, पोलीस भरतीची तयारी करतोय. जिमच्या ट्रेनरने बीसीएए, ग्लुटामिन आणि आर्जिनिन घ्यायला सांगितलंय, महिन्याला साडेचार हजार. आठ महिने तरी लागतील म्हणतो. मुलीच्या नर्सिंगसाठी पोस्टात महिन्याला ३,००० रुपयांची आरडी (दरमहा भरायची ठेव) आहे, दर ६.७ टक्के, २६ हप्ते झालेत. तिच्यावर कर्ज काढावं का?

उत्तर: ताई, काढू नका.

भरलेल्या ७८,००० वर निम्म्यापर्यंत, म्हणजे ३९,००० पर्यंत कर्ज मिळेल, तेव्हा आठ महिन्यांचे ३६,००० सहज उभे राहतील. पण कर्जाचा दर आरडीच्या दरापेक्षा २ टक्के जास्त, म्हणजे ८.७ टक्के. मधे फेडणं जमलं नाही तर मुदतीला व्याजासह ४५ हजारांच्या आसपास कापून घेतील. मुदतीला मिळणारे साधारण २ लाख १४ हजार मुलीच्या फीसाठी आहेत, हे मला विसरता येत नाही.

आता त्या डब्यांत काय आहे ते बघा. प्रथिनं २० ॲमिनो ॲसिडांची बनतात, त्यांतली ९ शरीर स्वतः तयार करू शकत नाही, ती खाण्यातूनच यावी लागतात. बीसीएए म्हणजे त्या ९ पैकी फक्त तीन: ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन. ल्युसिन स्नायूंना बांधणी सुरू करण्याचा इशारा देतं, हे खरं. पण उरलेली सहा नसतील तर बांधणार कशातून? भिंतीसाठी गवंडी आला आणि विटाच नाहीत, तसं ते. ग्लुटामिन निरोगी शरीर स्वतःच भरपूर बनवतं. आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड बनतं आणि रक्तवाहिन्या सैलावतात, पण तोंडावाटे घेतलेल्याचा बराच भाग आतडी आणि यकृतातच खर्ची पडतो.

नऊही ॲमिनो ॲसिडं अंड्यात, दुधात, सोयाबीनमध्ये आहेत. गव्हाज्वारीत लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी. म्हणून भाकरीबरोबर आमटी किंवा उसळ असली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. तुमचा मुलगा घाम गाळतोय, त्याला दिवसाला ७५ ते ९० ग्रॅम धरा. तीन अंडी १८ ग्रॅम, अर्धा लिटर दूध १६ ते १८, पन्नास ग्रॅम सोया वडी २५, मूठभर शेंगदाणे ७. बाकीचं रोजच्या जेवणातून येतं. अंडी, वडी, शेंगदाणे आणि थोडं जादा दूध धरून महिन्याला दोन हजारांच्या आत भागावं. कवठेपिरानचे हिंदकेसरी मारुती माने ज्या कुस्तीच्या मातीतून आले, तिथला खुराकही दूध, तूप, बदाम हाच होता.

हे सगळं रोज खाणं जमतच नसेल, तर व्हे प्रोटीनचा (दुधातल्या प्रथिनाची पावडर) एक साधा डबा परवडेल तेव्हा घ्या. त्यात बीसीएएमधली ती तिन्ही असतातच. डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांक बघा आणि त्यांच्या संकेतस्थळावर तो पडताळा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि मुलाला एवढं सांगा: मैदानी चाचणी ५० गुणांची, त्यात १६०० मीटर धावणं २०, १०० मीटर १५, गोळाफेक १५. लेखी मात्र १०० गुणांची. महिन्याला दोन हजारांच्या वर काही उरत असेल, तर आधी धावायचे चांगले बूट आणि मग लेखी परीक्षेची पुस्तकं घ्या. आरडीचा हप्ता मात्र चुकवू नका.