शून्यं मोजू नकोस, नोट बघ

मित्रा, भरपूर शून्यांच्या महागाईच्या काळातल्या नोटा जमवायला घेतल्यास, सुरुवात छान आहे. पण किंमत शून्यांवर नसते, नोटेच्या अवस्थेवर असते. झिम्बाब्वेची 100 ट्रिलियनची नोट, म्हणजे एकावर चौदा शून्यं, 2015 मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने फक्त 40 अमेरिकी सेंटला परत घेतली. संग्राहक कोऱ्या नोटेला त्याच्या कित्येक पट देतात.

पहिली खरेदी 1923 च्या जर्मन नोटांची कर. स्वस्त असतात. हजार मार्कची जुनी नोट घे: तारीख डिसेंबर 1922 ची, वर 1923 मध्ये लाल शाईत मारलेला आडवा छाप, ‘एक अब्ज मार्क’. महागाई इतकी वेगाने वाढत होती की नवी छापायलाही सवड नव्हती!

नवखे इथे चुकतात:
- नोट धुणे, इस्त्री करणे, लॅमिनेट करणे. किंमत तिथेच संपते.
- पीव्हीसीचे पाकीट. कालांतराने चिकट होते, पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मचेच घे.

साताऱ्याच्या पावसाळ्यात अल्बम भिंतीला टेकवू नकोस, ओलावा शोषणारे सिलिका जेल ठेव.