एल्गिनचा कागद आणि पारावरचा वीरगळ

अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची शिल्पे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने ग्रीसला परत द्यावीत, अशी बाजू गेल्या अंकातल्या लेखाने मांडली होती. त्यावर आलेल्या पत्रांतले चार प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : अथेन्स तुर्की अमलाखाली असताना ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनने तुर्की सुलतानाच्या परवानगीने शिल्पे नेली आणि पुढे ब्रिटिश सरकारला विकली. मग ग्रीसचा हक्क कसा लागतो? (एक वकील, सात रस्ता, सोलापूर)

उत्तर : त्या परवानगीचा मूळ तुर्की कागद आजवर कुणीच हजर केलेला नाही. हाती आहे तो १८०१ चा इटालियन तर्जुमा. असे फर्मान आम्हाला माहीत नाही, असे २०२४ मध्ये युनेस्कोच्या समितीपुढे तुर्कस्तानच्या प्रतिनिधीनेही सांगितले. तर्जुमा खरा धरला तरी त्यात मोजमापे घेणे, साचे काढणे, खोदणे आणि लेख किंवा आकृती असलेले ‘काही दगडाचे तुकडे’ नेणे, एवढ्याचीच मुभा आहे. एल्गिनच्या माणसांनी मात्र इमारतीत बसलेले फलक उपटले आणि ते निघावेत म्हणून वरचे दगड फोडले. शिल्पपट्टीचे दगड जहाजाला जड होतात म्हणून त्यांची मागची बाजू करवतीने कापून टाकली. १६० मीटरच्या पट्टीपैकी सुमारे ७५ मीटर आज लंडनमध्ये आहे. ब्रिटिश संसदेने १८१६ मध्ये ३५,००० पौंड मोजले, हे खरे. पण विकणाऱ्याकडे नसलेला हक्क घेणाऱ्याकडे येत नाही, हे वकिलांना आम्ही वेगळे सांगायला नको.

प्रश्न : म्युझियमच्या विश्वस्तांनी मनावर घेतले तर शिल्पे देता येतील ना? आपली वाघनखे आलीच की! (एक शिक्षिका, होटगी रस्ता, सोलापूर)

उत्तर : विश्वस्तांचे हात १९६३ च्या ब्रिटिश म्युझियम कायद्याने बांधले आहेत. दुबार प्रत किंवा निकामी झालेली वस्तू असे मोजके अपवाद सोडले, तर संग्रहातले काही कायमचे देता येत नाही. नात्झींनी लुटलेली चार रेखाचित्रे मूळ मालकाच्या वारसांना देण्याचा प्रश्न आला, तेव्हा नैतिक कर्तव्य असले तरी हा कायदा ओलांडता येणार नाही, असा निकाल लंडनच्या न्यायालयाने २००५ मध्ये दिला. मग २००९ मध्ये संसदेने नात्झी लुटीपुरता वेगळा कायदा केला. म्हणजे अडचण इच्छेची आहे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

वाघनखे परत मिळालेली नाहीत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने ती तीन वर्षांच्या उसनवारीवर पाठवली आणि जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली गेली. ती महाराजांनी वापरलेलीच आहेत याची खात्री देता येत नाही, असे ते म्युझियम स्वतःच नोंदवते. उसने घेणारा देणाऱ्याची मालकी मान्य करतो. ग्रीसचे घोडे अडते ते इथेच. १९८३ पासून अधिकृतपणे चाललेली मागणी उसनवारीच्या त्या एका सहीने संपेल.

प्रश्न : एकदा दिले की जगभरची संग्रहालये रिकामी होतील, असे नाही वाटत? (एक विद्यार्थी, अक्कलकोट)

उत्तर : नाही. जर्मनीच्या हायडेलबर्ग विद्यापीठाने २००६ मध्ये पार्थेनॉनचा एक तुकडा परत केला, व्हॅटिकनने २०२३ मध्ये तीन दिले. त्यांची दालने रिकामी झाली नाहीत. मुळात ही मागणी उभ्या असलेल्या इमारतीच्या भागांची आहे. अथेन्सच्या ॲक्रोपोलिस संग्रहालयाचा वरचा मजला मंदिराच्याच दिशेने फिरवून बांधला आहे आणि लंडनमधल्या दगडांच्या जागी तिथे प्लास्टरच्या प्रतिकृती आहेत. हत्तरसंग कुडलचा शके ९४० चा मराठी शिलालेख संगमेश्वराच्या देवळातल्या तुळईवर वाचणे आणि ती तुळई परदेशी काचेआड पाहणे, यांत जेवढे अंतर, तेवढेच इथे आहे. लंडनला शिल्पे जास्त सुरक्षित राहिली, हेही अर्धेच खरे. अथेन्सच्या धुराने संगमरवर झिजला, पण १९३७-३८ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्येच तांब्याच्या हत्यारांनी आणि कार्बोरंडम या खरखरीत, कठीण पदार्थाने घासून शिल्पांवरचा जुना तपकिरी थर काढला गेला.

प्रश्न : आमच्या गावच्या पारावर तीन वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळा आहेत. उद्या कुणी उचलून नेले, तर ते आमचेच हे कशावरून दाखवायचे? (ग्रामपंचायत सदस्य, दक्षिण सोलापूर तालुका)

उत्तर : आजच्या फोटोवरून. तमिळनाडूतल्या श्रीपुरंतनचा नटराज चोरीला गेला आणि ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने तो ५६ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला घेतला. फ्रेंच इन्स्टिट्यूट ऑफ पाँडिचेरीकडे त्याचा देवळातला जुना फोटो होता, म्हणून ओळख पटली आणि २०१४ मध्ये मूर्ती परत आली.

आधी फुले, हार, कापड बाजूला करा. बहुतेक गावांकडे फक्त पूजेचे फोटो असतात आणि त्यांत दगड दिसतच नाही. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि वरून असे पाच फोटो घ्या. प्रत्येकात शेजारी मोजपट्टी ठेवा. सहावा फोटो सकाळी लवकर किंवा संध्याकाळी घ्या. तिरप्या उन्हात झिजलेले कोरीवकामही उठून दिसते, दुपारच्या उन्हात सपाट होते. मग फुटलेल्या कडा, टवके, भेगा जवळून टिपा. खाली लढाई, मध्ये अप्सरा, वर लिंगपूजा ही मांडणी शेकडो वीरगळांवर सारखीच असते, टवका मात्र एकाचा दुसऱ्याशी जुळत नाही.

उंची, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये लिहा. जमिनीत गाडलेला भाग मोजण्यासाठी उकरू नका, ‘जमिनीवरची उंची’ असे नोंदवा. अक्षरे असतील तर त्यांत खडू किंवा चुना भरू नका. चुकीची रेघ भरली की पुढचा वाचणारा फसतो. शेंदूर-तेलाचे जाड थर आणि ऑइलपेंट यांनी कोरीवकाम बुजते, आणि ते काढायला तारेचा ब्रश लावला तर दगडच खरवडला जातो. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटका, तेवढे पुरे.

फोटो व्हॉट्सॲपवरून फिरवले की बारकावे जातात, तारीख आणि ठिकाणाची नोंदही पुसली जाते. मूळ फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. छापील प्रतीवर तारीख, गट क्रमांक आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन एक संच ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवा, एक पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. तारखेला महत्त्व आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुने शिल्प खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि परदेशी संग्रहालय पहिला प्रश्न हाच विचारते की वस्तू देशाबाहेर केव्हा गेली. चोरी झालीच तर त्याच दिवशी गुन्हा नोंदवा आणि हा संच फिर्यादीला जोडा.

शेतात नांगरताना नवी मूर्ती निघाली, तर धुऊ नका आणि तिथून हलवू नका. खड्ड्यासकट फोटो घ्या आणि तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा.