रेट सिंड्रोम : मेंदूत नेमके काय बिघडते?

प्रश्न : माझ्या साडेतीन वर्षांच्या भाचीला रेट सिंड्रोम असल्याचे निदान नुकतेच झाले. दीड वर्षाची असताना ती ‘आई’, ‘मामा’ म्हणत असे. आता शब्द गेले आहेत आणि दिवसभर ती हात धुतल्यासारखे दोन्ही हात एकमेकांवर चोळत राहते. एमआरआयमध्ये दोष दिसला नाही. मग बिघडले काय? गरोदरपणात काही चुकले का, असे सासरचे लोक माझ्या बहिणीला विचारतात.
– एक वाचक, सातारा

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तो आपल्या बहिणीला रोज छळत असणार. तिचे काहीही चुकलेले नाही. या आजाराचे मूळ एक्स गुणसूत्रावरील एमईसीपी२ या जनुकातील बदलात असते. हा बदल बहुतेक वेळा वारशाने येत नाही, तर बीजपेशी तयार होताना, बहुधा पित्याच्या शुक्रपेशीत, आपोआप घडतो. खाण्यापिण्याशी, प्रवासाशी किंवा ग्रहणाशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

ऑस्ट्रियातील डॉ. आंद्रेआस रेट यांनी १९६६ मध्ये या आजाराचे वर्णन केले. त्याचे जनुक मात्र १९९९ मध्ये हुदा झोगबी यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने शोधले. या जनुकापासून बनणारे प्रथिन इतर असंख्य जनुकांचे काम किती चालावे हे ठरवते. ते सदोष असले की चेतापेशी मरत नाहीत, पण लहान राहतात, आणि त्यांच्या फांद्या व त्या फांद्यांवरचे संदेश घेणारे बारीक काटे कमी असतात. दोन पेशींच्या सांध्यावर चेतवणारे आणि आवरणारे संदेश यांचा तोल ढळतो. कुठे संदेश क्षीण पडतात, तर कुठे आवर न राहिल्याने असंख्य पेशी एकाच वेळी उत्तेजित होऊन फिट येते. हे सांधे इतके सूक्ष्म असतात की एमआरआयमध्ये ते दिसतच नाहीत.

२००७ मध्ये एडिंबरो येथे एड्रियन बर्ड यांच्या गटाने आजारी उंदरांमध्ये हे जनुक पुन्हा चालू केले, तेव्हा त्यांची लक्षणे बरीचशी ओसरली. पेशी मेल्या असत्या तर हे शक्यच नव्हते. माणसांत तेवढे अजून साधलेले नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या ट्रोफिनेटाइड या औषधाने लक्षणे काहीशी कमी होतात, पण आजार जात नाही, आणि जुलाबाचा त्रास पुष्कळांना होतो.

भाचीशी बोलणे मात्र थांबवू नका. हात आणि जीभ ताब्यात नसली तरी या मुली पुष्कळदा नजरेने बोलतात. तिच्या आवडीच्या दोन वस्तू तिच्यासमोर थोड्या अंतरावर धरा, कोणती हवी ते एकदाच विचारा आणि थांबा. तिची नजर वळायला कधी कधी अर्धा मिनिटही लागतो, आणि नेमका तेवढ्यातच आपण प्रश्न पुन्हा विचारून तिची जुळत आलेली तयारी मोडतो.