तिवराच्या मुळातले बॅक्टेरिया शोधताय? मीठ विसरू नका
सोलापुरात बसून कांदळवनावर (खाडीकाठचं तिवरासारख्या झाडांचं जंगल) प्रोजेक्ट करतोयस, कर की, पण आधी परवानगी काढ आणि सॅम्पल म्हणून तिवराच्या मुळाला चिकटलेली माती घे, वरवरचा चिखल नको, अन् आइसबॉक्समध्येच आण, रात्रभर एसटीत गरम झाली की गेलं सगळं. मीडियात (बॅक्टेरिया वाढवायच्या खाद्यात) मीठ घाल, नाहीतर खाऱ्या पाण्यातले बरेच बॅक्टेरिया उगवतच नाहीत. फॉस्फेट विरघळवणारे बॅसिलस वगैरे हवे असतील तर पिकोव्हस्काया प्लेट (न विरघळणारं फॉस्फेट घातलेला मीडिया) लाव, कॉलनीभोवती (बॅक्टेरियाच्या ठिपक्याभोवती) स्वच्छ गोल कडं दिसतं, लई भारी वाटतं बघायला! हवेतला नायट्रोजन धरणाऱ्यांना ॲशबी मीडिया. सडक्या अंड्याचा वास आला तर ते सल्फेट वापरणाऱ्या बॅक्टेरियांचं काम, त्यांना ऑक्सिजन चालत नाही, सध्या नादी लागू नको. मिळालेले बॅक्टेरिया आपल्या खारपड उसाच्या रानात टाकायची घाई नको, आधी कुंडीत बघ.