उंदरांनी वायरी कुरतडल्या, म्हणून एफडी मोडायची का?

प्रश्न: डोंबिवलीत 1998 सालच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर आमचा टू बीएचके आहे. उंदरांनी किचनच्या माळ्यावरच्या वायरी कुरतडल्या आहेत. गिझर लावला की आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. एक वायरमन 8,500 रुपयांत जोड मारून टेप लावून देतो म्हणतो, वर ‘आरसीसीबीच काढून टाकू, कटकट संपेल’ असंही सुचवतो. दुसऱ्याने अख्ख्या घराच्या वायरिंगचं 1,12,000 रुपयांचं कोटेशन दिलंय, ते सोबत जोडलं आहे. 3 लाखांची एफडी आहे (तीन वर्षांची, 7 टक्के, 26 महिने झाले). बचत खात्यात 42,000 आहेत, महिन्याचा खर्च 38,000. बँक 14 टक्क्यांनी पर्सनल लोन द्यायला तयार आहे. एफडी मोडू की लोन घेऊ? विम्यातून काही मिळेल का?

उत्तर: एफडी मोडू नका, पर्सनल लोनही घेऊ नका. मुळात 1,12,000 हा आकडाच अजून मान्य करायचं कारण नाही. आणि 8,500 चा पर्याय तर आजच बाद करा.

आधी तो स्वस्त पर्याय. एमसीबी (फ्यूजच्या जागी बसवलेला स्विच) जादा करंटला पडतो, गळतीला नाही. कुरतडलेली वायर ओलसर भिंतीला टेकून 100 मिलिअँपिअर गळत असेल, तर 16 अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. पण 230 व्होल्टला ती गळती म्हणजे 23 वॉट उष्णता, साधारण एका छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकी, आणि तीही माळ्यावरच्या रद्दीशेजारी एकाच ठिपक्यावर. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडतो तो यासाठीच. तो काढला तर दोष तसाच राहतो, फक्त दिसेनासा होतो. पिळून टेप मारलेला जोडही गिझरच्या लाइनवर टिकत नाही. 2 किलोवॉटचा गिझर पावणेनऊ अँपिअर ओढतो. रोज तापून निवून जोड सैल होतो, सैल झाला की आणखी तापतो.

आता मोठं कोटेशन. त्यात ‘मीटर रूम ते फ्लॅट मेन लाइन’चे 14,000 धरलेत. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅटमधल्या मेन स्विचपर्यंतच्या वीजवाहिनीची दुरुस्ती संस्थेने स्वखर्चाने करायची असते. तुमच्या सोसायटीने हेच उपविधी स्वीकारले असतील तर डक्टमधल्या (इमारतीत वायरी-पाइप वर नेणाऱ्या उभ्या पोकळीतल्या) वायरीचे फोटो जोडून सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्या डक्टमधून उंदीर फक्त तुमच्याकडेच येत नसणार, त्यामुळे शेजाऱ्यांच्याही सह्या मिळतील.

त्याच कागदावर 4 एमएम वायरीची तीन कॉइल आहेत. एक कॉइल 90 मीटरची, म्हणजे 270 मीटर. तुमच्याकडे एक गिझर आणि एक एसी. डीबीपासून (घरातल्या एमसीबीच्या पेटीपासून) प्रत्येकी 14 मीटर अंतर धरलं तर फेज आणि न्यूट्रल मिळून 56 मीटर, वर दहा टक्के जादा वायर धरली तर 62. एक कॉइल पुरून उरते. बाकीच्या दोन कॉइलचे 14,400 कशाचे, हे विचारा.

मग बदलायचं किती? हे डोळ्यांनी ठरत नाही आणि मल्टिमीटरनेही नाही. त्याची बॅटरी इतक्या कमी व्होल्टची असते की कुरतडलेली, पण कोरडी जागा त्यात ठणठणीत दिसते. 500 व्होल्टच्या मेगरने (वायरीचं इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) टेस्ट करून घ्या: मेन बंद, सगळे प्लग आणि दिवे काढलेले, न्यूट्रल सोडवलेली, मग प्रत्येक सर्किटची फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ अशी रीडिंग्ज. 1 मेगाओहमच्या खाली आलेलं सर्किट बदलायचं. बाकीची रीडिंग्ज तारखेसह लिहून घ्यायची, सहा महिन्यांनी पुन्हा ताडता येतात. निम्म्याहून जास्त सर्किटं नापास झाली, तर मात्र एकदाच सगळं घर करून टाका. तुकड्या-तुकड्याने वायरमन बोलावणं महाग पडतं.

गिझर, एसी आणि किचनचे सॉकेट एवढंच नापास झालं असं धरून, तुमच्याच कोटेशनमधल्या दरांनी आणि कामांच्या मध्यम अंदाजाने हिशेब असा: 4 एमएमची एक कॉइल 7,200, 2.5 एमएमची एक 4,600, पाइप, क्लॅम्प आणि दोन एमसीबी 5,200, मजुरी 9,000, मेगर टेस्ट 1,500, भोकं बुजवणं 3,500. एकूण 31,000. माळ्यावरचा तुकडा जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपातून न्या आणि त्या पाइपला अर्थिंग करा. वळणारा पन्हाळीदार पीव्हीसी पाइप उंदीर सहज फोडतात. वायर पाइपातून बाहेर येते तिथली शेवटची चार बोटं तर त्यांची ठरलेली जागा, म्हणून पाइप थेट बॉक्सपर्यंत पोचला पाहिजे.

क्रम चुकवू नका. भोकं आधी, वायरी नंतर. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं. नवी वायर असो की जुनी, त्याला फरक पडत नाही. सिंकच्या पाइपाभोवतीची फट, एसीच्या नळीचं भोक, एक्झॉस्टची जाळी, डक्टकडची बाजू: करंगळी शिरेल एवढी फटसुद्धा आधी तारेच्या जाळीने ठासून मग सिमेंटने बुजवा. नुसता फोम ते खाऊन काढतात. विष टाळा, माळ्यामागे मेलेला उंदीर शोधायला फर्निचर तोडावं लागतं. पिंजरे लावा. डांबरगोळ्यांवर पैसे घालवू नका.

पैशांकडे येऊ. आत्ता एफडी मोडली तर बँक मूळचे 7 टक्के देणार नाही. जेवढे महिने ठेव राहिली त्या मुदतीचा दर धरेल आणि त्यातून दंड वजा करेल. तो दर 6.8 आणि दंड 1 टक्का धरला तर 5.8 टक्के हाती येतात. म्हणजे 26 महिन्यांत सुमारे 8,800 रुपयांचं नुकसान. पर्सनल लोन 1,12,000 चं, तीन वर्षांचं: हप्ता सुमारे 3,830, एकूण व्याज 25,800 च्या आसपास, प्रोसेसिंग फी वेगळी. एकट्या व्याजात 31,000 च्या हिशेबातल्या दोन्ही कॉइल दोनदा येतात.

त्याऐवजी एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून लागतील तेवढेच पैसे उचला. व्याज बहुधा एफडीच्या दरापेक्षा एक टक्का जास्त, तेही वापरलेल्या रकमेवरच, आणि एफडी 7 टक्क्यांनी चालूच राहते. 31,000 उचलून सहा महिने दरमहा 5,170 मुद्दल भरलं तर 8 टक्क्यांनी एकूण व्याज साधारण 725 रुपये. बचत खात्यातल्या 42,000 ना हात लावू नका. तो जेमतेम महिन्याभराचा खर्च आहे.

विम्याची आशा फार ठेवू नका. 1 एप्रिल 2021 पासून आलेली भारत गृह रक्षा ही घरविम्याची पॉलिसी आग, पूर, भूकंप अशा संकटांसाठी आहे, कुरतडलेल्या वायरींच्या दुरुस्तीसाठी नाही. शॉर्ट सर्किट ज्या उपकरणात झालं त्याचं नुकसानही वगळलेलं असतं. तिथून पसरलेल्या आगीचं नुकसान मात्र धरलं जातं. पण दोष लेखी माहीत असूनही दुरुस्त केला नाही, तर विमा कंपनीचा सर्व्हेअर त्यावर बोट ठेवू शकतो. म्हणून मेगरची रीडिंग्ज आणि जीएसटीचं बिल पॉलिसीच्या फायलीत ठेवा.

कामाचे पैसे देताना मजुरीतले 2,000 मागे ठेवा. काम झाल्यावर नव्या सर्किटांवर पुन्हा मेगर लावून घ्या, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघा, गिझर अर्धा तास चालवून बॉक्स हाताला गरम लागत नाही ना ते तपासा, आणि मगच ते द्या.