एअरलाइनची टेक्निकल मुलाखत: पीडीएफ पाठ करावी का?

पायलटचे थिअरीचे पेपर देऊन दोन वर्षं झाली, मुलाखत तीन आठवड्यांवर आलीय आणि हाताशी हजार प्रश्नांची पीडीएफ आहे; ती पाठ करू का, असं तुम्ही विचारलंय. करू नका. कुठले विषय राहिलेत हे बघायला चाळा, तेवढाच तिचा उपयोग. समोर बहुधा ट्रेनिंग कॅप्टन बसलेला असतो आणि घोकलेलं उत्तर त्याला पहिल्या वाक्यात कळतं. मग तो 'का?' विचारतो.

व्ही-वनचंच घ्या, म्हणजे टेकऑफ सोडून रनवेवर थांबायचा निर्णय ज्या वेगापर्यंतच घेता येतो तो वेग. व्याख्या सगळेच सांगतात. पुढचा प्रश्न: रनवे ओला असेल तर व्ही-वन कमी का होतो? ब्रेकिंग कमकुवत, थांबायला अंतर जास्त, म्हणून टेकऑफ सोडायचा निर्णय लवकर घ्यावा लागतो. बरं, मग त्या कमी वेगाला इंजिन गेलं आणि टेकऑफ चालूच ठेवला तर? उरलेल्या इंजिनावर वेग वाढवण्यात जास्त रनवे खर्ची पडतो, टोकाशी उंची कमी मिळते. ही तडजोड नियमांनीच मान्य केलीय: कोरड्या रनवेसाठी स्क्रीन हाइट (टेकऑफच्या अंतराच्या शेवटी मिळायलाच हवी ती उंची) ३५ फूट, ओल्यासाठी १५. लगेच पुढचा: थांबण्याच्या हिशेबात रिव्हर्स थ्रस्ट (इंजिनाचा उलटा, वेग कमी करणारा जोर) धरायचा का? ओल्या रनवेवर धरता येतो, कोरड्यावर नाही. असा एक विषय तळापर्यंत नेलात की दहा प्रश्न आपोआप सुटतात.

स्वेप्ट विंगचंही, म्हणजे मागे वळवलेल्या पंखांचंही, तसंच. 'क्रिटिकल माक नंबर (विमानाच्या ज्या वेगाला पंखावरची हवा कुठेतरी ध्वनीचा वेग गाठते तो) वाढतो' एवढ्यावर थांबलात तर तोटे विचारणार: टिप स्टॉल (पंखाची टोकं आधी उचल गमावतात), त्यातून पिच-अप (नाक वर जाणं), डच रोल (नाक आणि पंख दोन्हीकडे डोलत राहणं), आणि म्हणून ते डोलणं आवरणारा यॉ डॅम्पर.

क्लाइंबमधल्या वेगांचा प्रश्न हमखास येतो. आयएएस (यंत्रावर दिसणारा वेग) स्थिर ठेवून चढलात तर टीएएस (हवेतला खरा वेग) आणि माक (ध्वनीच्या वेगाच्या पटीतला वेग) दोन्ही वाढतात; क्रॉसओव्हरनंतर, म्हणजे आयएएसऐवजी माक धरायला लागायच्या उंचीनंतर, माक स्थिर ठेवला की आयएएस घटतो, आणि ट्रोपोपॉजपर्यंत (उंचीबरोबर तापमान घटायचं थांबतं तिथपर्यंत) टीएएसही. हे कागदावर रेघा काढून समजावता आलं पाहिजे. पेन मागायला लाजू नका.

तोंडी हिशेबाची सवय रोज करा. ३७,००० फुटांवरून ३,००० ला यायचंय: दर हजार फुटांना तीन मैल, ३४ गुणिले ३, म्हणजे १०२ नॉटिकल मैल, वर वेग कमी करायला साधारण १०, शेपटीचा वारा असेल तर आणखी थोडे. तीन अंशांच्या अप्रोचवर ग्राउंड स्पीड १४० नॉट असेल तर उतरण्याचा दर त्याच्या पाचपट, ७०० फूट प्रति मिनिट. कॅल्क्युलेटर नाही हं.

मेटार (विमानतळाचं सध्याचं हवामान), टॅफ (तिथला हवामान अंदाज) आणि अप्रोच चार्ट (उतरण्याच्या मार्गाचा नकाशा) यांवर फार लिहीत नाही. रोज एक मोठ्याने वाचा, झालं. मोठ्याने यासाठी की मनातल्या मनात सगळ्यांनाच सगळं येत असतं. मित्राला समोर बसवा आणि दर उत्तराला 'का?' विचारायला सांगा, तो पायलट नसला तरी चालेल.

उत्तर येत नसेल तर तसं सरळ सांगा, आणि मग माहीत आहे तिथून तर्क लावत जा. थापा मारलेल्या पकडल्या जातात आणि मग आधीच्या बरोबर उत्तरांवरही शंका येते.

आणि हो, लॉगबुकात शेवटचं जे विमान आहे, ते साधं ट्रेनर असलं तरी त्याचं इंजिन, इंधन आणि इलेक्ट्रिकल सिस्टिम नीट बघून जा. जेटची हायड्रॉलिक्स तोंडपाठ आणि स्वतःच्या विमानाचा स्टॉल स्पीड विचारला की गप्प, असे उमेदवार बरेच असतात.